सत्तावन्न मिनिटांचा सिनेमा

१

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता आमच्या ह्यांनी डबी उघडली आणि ती रिकामी निघाली.

मी आतल्या खोलीत एका कोटाची बाही उसवत बसले होते. बाहेरून काहीच आवाज आला नाही, म्हणूनच मी उठले. ह्यांच्या हातून साधं पेन पडलं तरी घरभर जाहीर होतं. येऊन पाहते तर हे कपाटासमोर उभे. एका हातात डबी, दुसऱ्यात चष्मा, आणि तोंड पांढरंफटक.

"डिस्क नाही," हे म्हणाले.

"प्लेअरमध्ये असेल. नीट बघा."

"मी लावलेलीच नाही. रविवारपर्यंत लावायचीच नव्हती ना ती."

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. ह्यांना मूकपटांचा नाद आहे. नोकरीत होते तेव्हा दुकानांतली वजनमापं तपासत हिंडायचे, निवृत्त झाल्यापासून घरात येरझाऱ्या घालतात आणि मूकपट जमवतात. जगात कुठे कुठे संस्था आहेत म्हणे, त्या सडलेले जुने सिनेमे शोधून काढतात, त्यातलं एकेक चित्र धुऊनपुसून नीट करतात आणि घरी बघायला डिस्क काढतात. हे त्याला जीर्णोद्धार म्हणतात, मी पसारा म्हणते. तीन कपाटं भरली आहेत, आणि माझी शिवणाची कापडं पलंगाखाली.

पण ही एक डिस्क वेगळी होती. ही आत्याबाईंची होती.

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या, वय ब्याऐंशी, आमच्याकडेच असतात. त्या अडीच वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. घरात आईचा एकही फोटो नाही. पण ती बाई एका लाँड्रीत कामाला होती, आणि एकदा तिथे सिनेमावाले आले होते. कपडे धुणाऱ्या पाच बायकांचं त्यांनी मिनिटभर चित्रण केलं आणि तो तुकडा सिनेमात घातला. पंचवीस वर्षांपूर्वी ह्यांना त्या सिनेमाची कॅसेट मिळाली. तीत बायका म्हणजे नुसते पाच डाग दिसतात, डोळे नाहीत, नाक नाही. त्यातला एक डाग कोपर वर करून कपाळ पुसतो. "ही माझी आई," असं आत्याबाई सांगतात. कॅसेट लावली की हात जोडल्यासारख्या बसतात.

आता त्याच सिनेमाचा जीर्णोद्धार झाला होता. चेहरे स्वच्छ दिसणार होते. आणि आत्याबाईंचा एक डोळा केव्हाच गेलाय, दुसऱ्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन-तीन आठवडे, फार तर. डिस्कच्या सगळ्या प्रती संपल्या होत्या. पुढच्या निघायला सहा महिने लागणार होते.

"मंगळवारी चहाला तिघं आले होते," मी म्हटलं. "त्यानंतर घरात कोणी पाऊल ठेवलेलं नाही."

"म्हणजे तिघांपैकी एकाने नेली?"

"मी तरी नेलेली नाही. मी न्यायला लागले असते तर अख्खं कपाट गेलं असतं."

हे हसले नाहीत. तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला. "काय रे, काय हरवलं?"

"काही नाही आत्या."

"मग ठीक. मला उद्या केस धुवायची आठवण करा. रविवारी आईसमोर अशी पिंजारलेली नाही बसायची मी."

२

पहिला संशय मास्तरांवर. मास्तर म्हणजे ह्यांचे दोस्त आणि दुष्मन दोन्ही. शाळेत भूगोल शिकवायचे, आता मूकपट जमवतात. मंगळवारी डबी हातात घेऊन त्यांनी ती इतका वेळ खाली ठेवली नव्हती की चहाचं पाणी झालं.

मी एकटीच गेले. ह्यांना नेलं असतं तर अर्ध्या तासाने दोघं चौकटीच्या मापावरून भांडत बसले असते आणि डिस्क राहिली असती बाजूला.

मास्तरांच्या घरी भिंतभर डब्या, एकसारख्या, कडेला कड लावलेल्या. एकीवरचंही प्लास्टिक फाटलेलं नाही.

डिस्क गेल्याचं मी त्यांच्या कानावर घातलं. "ह्यातलं पाहिलंय किती?" मी विचारलं.

"एकही नाही." मास्तर अभिमानाने म्हणाले. "प्लास्टिक फाडलं की संपलं हो. तुमच्या यजमानांनी मंगळवारी माझ्यादेखत फाडलं. काळजात चर्रर्र झालं माझ्या. त्याच क्षणी ती डिस्क माझ्या मनातून उतरली."

"मग एवढा वेळ हातात धरून काय करत होतात?"

"पाठीवर सिनेमाची लांबी छापली आहे का बघत होतो. छापलेली नाही. इतका मोठा जीर्णोद्धार करतात आणि किती मिनिटांचा ते लिहीत नाहीत. तुमच्या यजमानांनीही त्यावरून तोंडसुख घेतलं की."

खरं होतं. मंगळवारी हे त्या छापणाऱ्यांवर पंधरा मिनिटं करवादले होते. त्यांना मोजमाप लिहिलेलं नसलं की जेवण जात नाही.

मास्तर दारापर्यंत आले. "डबी शाबूत आहे ना?" त्यांनी विचारलं. "कोपरे वगैरे?"

डबीची काळजी, डिस्कची नाही. आत्याबाईंची तर नाहीच नाही. माझं डोकं तडकलं, पण मास्तर सुटले. न फाडलेल्या डब्या पूजणारा माणूस नुसती उघडी डिस्क खिशात घालून न्यायचा नाही. न्यायचीच असती तर डबीसकट नेली असती.

घराच्या वळणावर आले आणि सहज वर पाहिलं. आमच्या वरच्या मजल्यावर, भावोजींच्या गॅलरीत, उन्हात काहीतरी लखलखत होतं. गोल. एक नाही, चार-पाच, दोऱ्याला बांधलेल्या.

डिस्क होत्या त्या.

३

जिना मी कसा चढले मला माहीत नाही. भावोजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. बनियनवर दार उघडलं त्यांनी.

"ही काय तोरणं लावलीत?"

"कबुतरं, वहिनी. चकाकतं बघून येत नाहीत. नामी उपाय आहे."

मी स्टूल ओढलं आणि एकेक डिस्क उलटून पाहिली. एकीवर ह्यांच्याच अक्षरात पुतणीच्या लग्नाची तारीख. दुसरी कोरी. बाकीच्या कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या. आमची नव्हती. मी स्टुलावरून उतरले.

"आत्याबाईंची डिस्क गेलीय. मंगळवारी कपाटाशी काय करत होता?" मी विचारलं.

"तुमची मापाची टेप शोधत होतो. मिळाली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू का? ती डिस्क गेली ते एका परीने बरंच झालं. ह्या वयात एवढा धक्का कशाला? आणि आत्याला काही झालं तर बोल कुणाला लागणार, मला. मीच तिला रोज वर बोलावून गोळ्या देतो."

"म्हणजे तुम्ही लपवलीत?"

"लपवायची तर मला आधी ओळखता यायला हवी ना. मला सगळ्या सारख्याच दिसतात. तुमच्या लग्नाचीसुद्धा मी गॅलरीत लावणार होतो, आईशप्पथ."

त्यांच्यावर विश्वास बसला. ह्या माणसाने ती डिस्क घेतली असती तर ती इथेच, कबुतरांपुढे, टांगलेली सापडली असती.

राहिली पियानोबाई.

दर रविवारी दुपारी आमच्याकडे मूकपट लागतो, तेव्हा हे डिस्कवरचं संगीत बंद करतात आणि ती प्रत्यक्ष वाजवते. आमच्या घरात पियानो नाही, तिचा छोटा घडीचा कीबोर्ड आणते. पन्नाशीची, एकटी, मुलांच्या शिकवण्या घेते. आत्याबाईंचा तिच्यावर फार जीव. मुळात तिच्याकडे जावंसंच वाटत नव्हतं मला.

तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली. डिस्क गेल्याचं मी सांगितलं तशी पियानोवरचे कागद गोळा करायला लागली, ते पुन्हा खाली ठेवले, पुन्हा गोळा केले.

"मी कशाला नेईन हो वहिनी? माझं तर सगळं जुन्या कॅसेटवरून बसवून झालंय. महिन्यापूर्वी नेली होती ना तुमच्याकडून, परत दिली. नवीन डिस्क मी तुमच्याबरोबर रविवारीच बघणार."

"हो, ते माहीत आहे."

पियानोच्या स्टँडवर एक कागद राहिला होता. त्यावर पेन्सिलने लिहिलेलं: दार ८, घोडा २०, बायका ४०, शेवट ७६. मी वाचलं कारण समोर होतं म्हणून. माझं अर्धं आयुष्य चिठ्ठीवरचे आकडे वाचण्यात गेलंय, छाती अडतीस, बाही चोवीस. नको असले तरी लक्षात राहतात.

"आत्याबाईंना सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मग..." ती खिडकीकडे वळली. "सिनेमा रद्द झाला असंच सांगा ना. बिघडली म्हणा. हरवली म्हणू नका, त्या शोधत बसतील."

मी घरी निघाले. वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. मास्तरांना डबीची काळजी, भावोजींना बोल लागण्याची. आत्याबाईंबद्दल विचारलं ते एकटीनेच. त्यात तिला निर्दोष मानावं की अपराधी, तेच कळेना.

४

दुपारी मी ह्यांना म्हटलं, "कॅसेट लावा. एकदा मला नीट बघू दे कशासाठी एवढा जीव चाललाय."

पंचवीस वर्षांत तो सिनेमा मी शंभरदा ऐकला असेल. ऐकला म्हणजे यंत्राची घरघर. बघितला कधीच नाही, कारण हातात शिवण आणि नजर सुईवर. आज हात रिकामे ठेवून बसले तर बसवेना. एक पाय आपोआप मशिनच्या पट्ट्यासारखा हलत होता.

सगळी माणसं मागे कुत्रं लागल्यासारखी पळत होती. नायक पळत दारात आला, पळत टोपी काढली, पळत रडला.

"ह्याचा कोट कुठल्या गाढवाने शिवलाय," मी म्हटलं. "छातीचा खिसा उजवीकडे. आणि बटणं बायकांच्या कपड्यासारखी, उजवी बाजू वर."

"जुना काळ गं. तेव्हा तशी पद्धत असेल."

"अशी पद्धत कधीच नव्हती. आणि तो पोलीस बघा, त्याचाही तसाच. अख्ख्या गावात एकच शिंपी होता वाटतं, तोही चुकार."

"गप बस, बायका येतील आता."

बायका आल्या. पाच डाग, पाच टब. दुसऱ्या डागाने कोपर वर करून कपाळ पुसलं. ह्यांनी नकळत हात जोडले. मी यंत्रावरचे आकडे पाहिले. तीस मिनिटं झाली होती.

बरोबर तीस. आणि पियानोबाईच्या कागदावर बायका चाळीस.

मी शेवटपर्यंत बसले. सिनेमा संपला तेव्हा आकडा होता सत्तावन्न. कॅसेटच्या खोक्यावरही सत्तावन्नच छापलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "हा सिनेमा शहात्तर मिनिटांचा कधी होतो?"

हे येरझाऱ्या घालत होते ते थांबले. "शहात्तर? थांब." बोटांवर हिशेब केला. "अठराने चालवला तर होईल. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण अठरा चित्रं. कॅसेटवाल्यांनी आळस केला आणि चोवीसने चालवला, म्हणून माणसं पळतात. जीर्णोद्धारात वेग खरा ठेवतात. सत्तावन्नाचे शहात्तर होतात बरोबर. तीसचे चाळीस."

"मग पियानोबाईने असाच हिशेब करून लिहिलं असेल."

"कसं लिहील? कोणी सोळाने चालवतं, कोणी वीसने. त्या संस्थेने अठरा धरलेत हे डिस्क लावून बघितल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळणार नाही. डबीवर तर छापलेलंच..." बोलता बोलता ह्यांचा आवाज खाली गेला. "तू शहात्तर कुठे वाचलंस?"

मी सांगितलं.

"ती नाही गं," हे म्हणाले. "ती आत्याची पोरगीच आहे म्हण ना. ती आत्याचं वाईट कशाला करेल?"

५

शनिवारी सकाळी मी तिच्या दारात उभी राहिले आणि एकच शब्द बोलले. "शहात्तर."

तिने वाद घातला नाही. पियानोच्या बाकावर बसली.

"मंगळवारी नेली," ती म्हणाली. "चोरायला नाही, वहिनी. मला भीती होती की वेग वेगळा असेल आणि माझं वाजवणं मध्येच संपून जाईल. ऐन आत्याबाईंच्या रविवारी. तुमच्या यजमानांना विचारलं तर ते नाहीच म्हणाले असते. म्हटलं बघते, वेळा लिहून घेते, बुधवारी सकाळी गुपचूप जागेवर ठेवते."

"मग ठेवली का नाहीस?"

ती उठली, आत गेली आणि एक फोटो घेऊन आली. जुना, कडा खाल्लेला. विशीतली एक बाई, रुंद हनुवटी, भुवया मधोमध जुळलेल्या.

"ही माझी आजी. आईची आई. लाँड्रीत होती एवढं मला ठाऊक होतं, सिनेमात होती हे कधीच कळलं नाही. डिस्क लावली, चाळीसाव्या मिनिटाला बायका आल्या. मी कपाळ पुसणारीची वाट बघत होते, आत्याबाईंची आई दिसणार म्हणून मला रडूच येत होतं. तिने कोपर वर केलं. आणि ही."

मी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"आत्याबाईंनी पंचवीस वर्षं माझ्या आजीला आई म्हटलंय," ती म्हणाली. "मी तोंड बंद ठेवलं असतं, वहिनी. खरंच ठेवलं असतं. त्यांना कुठे आठवतोय आईचा चेहरा, त्यांनी मानलं असतं. पण मागच्याच रविवारी माझा हात धरून म्हणाल्या, डोळे गेले की आई कशी दिसायची ते तू मला सांगत जा हं, मला विसरायला देऊ नकोस. मी काय सांगू मग? माझ्याच आजीचं वर्णन करू त्यांना जन्मभर? आणि खरं सांगावं तर त्यांच्याजवळ जे काही होतं तेही मी काढून घेते."

तिने पियानोच्या झाकणाखालून डिस्क काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घ्या. माझ्याच्याने ठरवलं गेलं नाही. आता तुम्ही ठरवा."

चोर सापडला होता. तासाभरापूर्वीपर्यंत मला वाटत होतं की चोर सापडला की सगळं मिटेल.

६

घरी आल्यावर आम्ही दोघांनी दार लावून डिस्क लावली. आत्याबाई भावोजींकडे केस धुवायला गेल्या होत्या.

चाळीसाव्या मिनिटाला जुळलेल्या भुवयांची बाई कपाळ पुसून गेली. फोटोतलीच, शंका घ्यायला जागा नाही. ह्यांनी डोळे टिपले आणि म्हणाले, "आपण काही बोलायचं नाही. तिला आनंदाने बघू दे."

"आणि नंतर रोज पियानोबाईला खोटं बोलायला लावायचं?"

"मग काय करू? सांग ना, काय करू मी?" हे खोलीभर फिरायला लागले. मीही उठले. आमचं घर लहान, दोघं फिरायला लागलो की एकमेकांना धडकतो.

सिनेमा चालूच होता. माणसं आता पळत नव्हती, माणसांसारखी चालत होती. नायक पुन्हा दारात आला, टोपी काढली. माझं लक्ष सवयीने कोटाकडे गेलं. उत्तम कोट. खांदा बसलेला, डावी बाजू वर, छातीचा खिसा डाव्या अंगाला, जिथे असायला हवा तिथे.

"थांबवा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"शिंपी शहाणा होता हो. गाढव कॅसेटवाले होते. काल हाच खिसा उजवीकडे होता. पोलिसाचाही. एक शिंपी चुकेल, सगळे कसे चुकतील? मी रोज गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं करते, आरशात असाच दिसतो कोट. तुमची कॅसेट उलटी आहे."

"उलटी कशी असेल? मध्ये मध्ये येणाऱ्या संवादांच्या पाट्या सरळ वाचता येतात की."

"पाट्या तेव्हाच्याच आहेत का?"

ह्यांनी कॅसेटचं खोकं हातात घेतलं. "नाही. कॅसेटवाल्यांनी नव्याने लिहून घातल्यात." मग कपाळावर हात मारला. "फिल्म पालथी घातली त्यांनी. पाट्या नव्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पंचवीस वर्षं मी आरशातला सिनेमा बघतोय. आणि मास्तरांसमोर मिजास मारतोय."

मास्तरांचं मरू दे, मी जिना चढत होते. आत्याबाई गॅलरीत केस वाळवत बसल्या होत्या.

"आत्याबाई, कपाळ पुसणारीच तुमची आई, हे पहिल्यांदा कसं ओळखलंत?"

पंचवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आम्ही सगळे त्या कोपराला इतके सरावलो होतो.

"ओळखते कशी बाई, चेहरा कुठे दिसत होता," त्या म्हणाल्या. "आमचे वडील सांगायचे. तो सिनेमा लागला तेव्हा त्यांनी थिएटरात जाऊन अकरा वेळा पाहिला होता. म्हणायचे, बायकांची रांग येते ना, त्यात डावीकडून दुसरी. मग कॅसेट आली तेव्हा मी मोजलं. दुसरी कपाळ पुसत होती. त्यानंतर मोजायची गरज कुठे पडली?"

मी खाली पळाले. सरळ केलेल्या चित्रात कपाळ पुसणारी डावीकडून चौथी होती. आणि दुसरी...

"अरे देवा," हे म्हणाले.

दुसरी म्हणजे ती आगाऊ बया. आत्याबाई तिला हेच म्हणत आल्यात. बाकीच्या चौघी खाली मान घालून राबताहेत, आणि ही एकटी काम सोडून तोंड वर करून कॅमेऱ्याकडे बघते. कॅसेटमध्ये नुसता वळलेला डाग दिसायचा, तरी आत्याबाईंना राग. माझ्या आईचा सीन नासवला हिने, म्हणायच्या.

७

रविवारी सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. हे म्हणत होते हळूहळू सांग, पण मला हळूहळू काही येत नाही. उलटी कॅसेट, चौथी, दुसरी, पियानोबाई. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या पोरीला बोलाव. तिच्याशिवाय मी बघायची नाही."

पियानोबाई आली ती दारातच थबकली. आत्याबाईंनी तिला हाताने चाचपून जवळ ओढलं. "तुझ्या आजीवर मी पंचवीस वर्षं माया केली आहे," त्या म्हणाल्या. "ती काही परत मागत नाही मी. बस, वाजव."

मास्तर आले होते, भावोजीही, खिशात गोळ्या घेऊन. पडदे ओढले. पियानोबाई वाजवायला लागली आणि तिचे हात पहिल्यांदा जरा चुकले, मग सावरले. चाळीस मिनिटं मी आत्याबाईंच्या मागे उभी होते, बसणं मला शक्यच नव्हतं.

बायकांची रांग आली. "डावीकडून दुसरी," मी म्हटलं. ह्यांनी चित्र थांबवलं. वाजवणंही थांबलं.

आत्याबाई उठल्या. खुर्ची ओढत पडद्याच्या अगदी पुढ्यात नेली. त्यांच्या डोळ्याला समोरचं मधोमध दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणून मान जरा वाकडी करून, तिसरीकडे बघत त्या दुसरीला बघत होत्या.

वीस-बावीस वर्षांची पोर. बाह्या वर सारलेल्या, गालावर साबणाचा फेस, पुढचा एक दात किंचित तिरका. अशी सरळ बघत होती की खोलीतल्या प्रत्येकाला वाटावं माझ्याकडेच बघतेय. ओठ हसण्याच्या बेतात.

"किती लहान आहे," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या नातीच्या वयाची." त्यांनी पडद्यावरच्या गालाला बोट लावलं. "हात बघ कसे लाल झालेत. तसलं कढत पाणी आणि अंगावर ओलं कापड."

भावोजी गोळ्यांची पुडी मुठीत घट्ट धरून बसले होते.

"काय रे," आत्याबाईंनी ह्यांना विचारलं, "कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणून सिनेमावाले सांगत असतील ना?"

"हो आत्या. आधी दहादा बजावायचे."

"ह्या चौघींनी ऐकलं."

"हो."

"म्हणून त्यांच्या माना खाली." त्या तशाच बसल्या होत्या, मान वाकडी, बोट पडद्याला टेकलेलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, पुसायला गेलं तर तेवढा वेळ बघायचा राहील म्हणून. मग अगदी जवळ जाऊन, शेजारी बसलेल्या पोरीला सांगावं तशा हळूच म्हणाल्या, "बरं झालं गं पोरी, तू ऐकलं नाहीस ते."